अनुभव धागा: कंपनीच्या मदतीनं आलेलं विज्ञान मुलांच्या हातात किती पोहोचलं?

कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. एमआयडीसीच्या आसपासच्या शाळांमध्ये या सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या) पैशातून प्रयोगशाळा आल्या, फिरत्या प्रयोगशाळांच्या गाड्या आल्या. पुढे त्यांचं काय झालं, ते सविस्तर लिहा. कंपनीचं किंवा शाळेचं नाव नको.

विज्ञान शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

आमच्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांकडून साहित्य आलं आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक होता.

पहिलं आलं ऐन मार्चमध्ये. सूक्ष्मदर्शक, काचसामान, भिंगं, सांगाड्याची प्रतिकृती, सोबत कपाट. सगळं डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत चढलं. तिथे चढलेली परीक्षानळी फुटली तरी निर्लेखनाचे, म्हणजे नोंद कमी करायचे कागद करावे लागतात, नाहीतर तपासणीत उत्तर द्यायचं मुख्याध्यापकांनी. मग किल्ली त्यांच्या टेबलात राहते. त्यांना मी अजिबात बोल लावणार नाही. जी वस्तू फुटायची सोय नाही, ती सातवीच्या पोराच्या हातात कोण देईल?

दुसऱ्या कंपनीच्या ताई साहित्य घ्यायच्या आधीच वर्गात येऊन बसल्या. पुस्तकातले कोणते प्रयोग फळ्यावरच उरकावे लागतात, असं विचारलं. मी यादी दिली. त्यांनी टिकाऊ वस्तू वेगळ्या दिल्या आणि फुटणाऱ्या-संपणाऱ्या वेगळ्या. लिटमस, तार, सेल, काचनळ्या यांची नोंद नुसती साठा वहीत. वापरलं की खर्ची टाकायचं. संपलेल्या वस्तूंचा दर सत्राला पुन्हा भरणा. एवढ्या एका गोष्टीनं कपाट उघडं राहिलं.

विद्युतचुंबकाच्या तासाला एका मुलीनं खिळ्याऐवजी पेन्सिलीवर तार गुंडाळली. टाचणी काही केल्या उचलेना. तार तीच, सेल तोच, वेढेही शेजारणीइतकेच. लोखंडी गाभा कशाला लागतो, यावर मग गटागटांत अशी जुंपली की मला खडू हातात घ्यावाच लागला नाही. तोवर प्रत्येक गटानं पट्टी, पेन, खिळा, कंपास सगळं गुंडाळून पाहिलं होतं. दोन सेल त्यात खलास झाले. पहिल्या कंपनीच्या साहित्यात हा तास होणं शक्यच नव्हतं.

सीएसआर विभागात काम करणारी

बाई, मार्चचं कारण सांगते. आर्थिक वर्ष संपायच्या आत रक्कम खर्ची पडली पाहिजे, म्हणून शेवटच्या महिन्यात जे पटकन विकत मिळतं ते घेतलं जातं. प्रशिक्षण पटकन विकत मिळत नाही, कपाट मिळतं. पण २०२१ पासूनच्या तरतुदीप्रमाणे काम जर बहुवर्षीय चालू प्रकल्प म्हणून मंजूर असेल, तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. तेव्हा शाळांना माझी कळकळीची विनंती: मागणीपत्रात नुसतं ‘प्रयोगशाळा मिळावी’ लिहू नका. पहिल्या वर्षी साहित्य, पुढे भरणा, दुरुस्ती, शिक्षकांची कार्यशाळा असं वर्षवार लिहा. असं पत्र हातात असलं की मला कंपनीत भांडता येतं.

आणखी एक. कायद्यात स्थानिक भागाला प्राधान्य आहे, पण ते बंधनकारक नाही, असा खुलासा मंत्रालयानंच केलेला आहे. कारखान्याच्या कुंपणालगतच्या शाळेला तिसऱ्यांदा टॅब जातात आणि पलीकडच्या डोंगराळ तालुक्यात एक भिंगही नाही, हे टाळता येतं.

फिरत्या प्रयोगशाळेवरचा प्रशिक्षक

गाडी गेली की शाळा पुन्हा पहिल्यासारखी होते, हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणून आम्ही मुलांना वस्तू करायला लावून तिथेच ठेवतो. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायची जी रीत रुजवली, तीच आमचा आधार. स्ट्रॉची पिपाणी कापत गेलं की आवाज चढत जातो, हे पोर घरी जाऊन धाकट्या भावंडाला दाखवतं. शिक्षक शेजारी उभे राहिले तर उत्तम. ते त्या वेळात ऑनलाइन माहिती भरत बसलेले असतात आणि ती माहितीही वरून तातडीनं मागवलेली असते.

शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, एक आई

आमच्या शाळेला जवळच्या कारखान्यानं पाणी तपासायचे संच दिले. मुलांनी गावातल्या विहिरी आणि बोअर तपासले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पीएच ६.५ ते ८.५ असावा आणि विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, असं आहे. काही ठिकाणी क्षार त्याहून बरेच वर निघाले. आठवीच्या मुलांनी तक्ता केला, ग्रामसभेत लावला. कारखान्याचे इंजिनिअर आले तेव्हा एका मुलानं सरळ विचारलं, “साहेब, हे तुमच्यामुळे आहे का?”

आम्ही मोठी माणसं गप्प झालो. गावातल्या कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर आहे.

इंजिनिअर चिडले नाहीत. म्हणाले, एवढ्यावरून हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. खडकातूनही क्षार उतरतात. कारखान्याच्या वरच्या अंगाच्या विहिरी आणि खालच्या अंगाच्या विहिरी वेगळ्या मोजा, पावसाळ्याआधी आणि नंतर मोजा, मग बोलू. आणि पुढच्या शनिवारी नकाशा घेऊन स्वतः आले, मुलांबरोबर विहिरी फिरले. कंपनीनं दिलेल्या संचापेक्षा मला हे मोठं वाटतं. देणाऱ्याला प्रश्न विचारता येतो, हे मुलांनी पाहिलं.

पावसाळ्याआधीची मोजणी झाली आहे, नंतरची दिवाळीच्या सुट्टीआधी करायची आहे. अडचण एवढीच की मीटर जुळवून घ्यायचं प्रमाण द्रावण संपलंय आणि संचाबरोबर ते पुन्हा द्यायची तरतूद कुणी केलेली नाही. बाई, तुमच्या त्या साठा वहीत असं द्रावण बसतं का? आणि सीएसआरवाल्या ताई, पत्रात त्याचं नाव नेमकं काय लिहायचं, तेवढं सांगा.