मदत हवी आहे: दोन नर सिक्लिड मासे एका टाकीत नांदतील का?

टाकी 3 फुटी, साधारण 130 लिटर. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले पिवळे सिक्लिड, दोन नर, तीन माद्या. मोठा नर मधल्या दगडाखालची वाळू उपसून तिथेच ठाण मांडून बसलाय. धाकटा दिवसभर फिल्टरच्या पाइपमागे, शेपटीची कड फाटलेली. दाणे टाकले तरी बाहेर येत नाही. बघवत नाही हो.

दगडांची मांडणी बदलून पाहिली. मोठ्याला वेगळं ठेवून परत सोडलं, थोडी शांतता, मग पुन्हा तेच. पाणी दर आठवड्याला बदलतो, अमोनिया शून्य. घर वन रूम किचन, त्यामुळे दुसऱ्या टाकीला जागा नाही. धाकट्याला कुर्ल्याच्या दुकानात परत देणं अगदीच शेवटचा उपाय.

मासे वाढवले की मार विभागला जातो म्हणतात. एवढ्या पाण्यात आणखी तीन माद्या झेपतील, की नर एकच ठेवावा?