रून शिकायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

शेवंती:
भाचीने कोपनहेगनहून रूनचे, म्हणजे उत्तर युरोपातली जुनी अक्षरं कोरलेले खडे आणून दिले. पिशवीत २५, त्यातला एक कोरा. रोज सकाळी देवपूजा झाली की एक काढते आणि सोबतच्या पुस्तिकेत अर्थ बघते. पण पुस्तिकेत सगळंच ‘प्राचीन’ लिहिलंय, ते मनाला पटत नाही. दोन वर्षं खपून मोडी शिकले आहे, त्यामुळे मेहनतीची तयारी आहे. खरी विद्या कोणती आणि मागाहून चिकटवलेलं काय, हे कुणी सांगेल का?

बर्गनकर:
शेवंतीताई, मोडी शिकलात हे फार बरं झालं, कारण रून ही आधी लिपी आहे. मी ११ वर्षं नॉर्वेत, बर्गनला राहतो. १९५५ साली इथल्या ब्रिगेन बंदरातली जुनी लाकडी घरं जळाली आणि त्या जागेच्या उत्खननात सुमारे ६७० रूनलेख निघाले, बहुतेक लाकडाच्या काटक्यांवर. व्यापाऱ्यांनी मालाला बांधलेल्या नावाच्या पट्ट्या आहेत. एका काटकीवर ‘ग्यूदा म्हणते, घरी ये’ एवढंच! संग्रहालयात ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ तिथून हललो नाही.

त्याच ढिगात मंत्राची काटकीही आहे. कोरणारी व्यक्ती म्हणते: बरं करणारे रून कोरते, राखण करणारे रून कोरते, एकदा एल्फांविरुद्ध, दोनदा ट्रोलांविरुद्ध, तीनदा थुर्सांविरुद्ध (ही सगळी तिथल्या जुन्या कथांतली भुतंखेतं नि राक्षस). पुढे ते वशीकरणाकडे वळतं. म्हणजे जादू होती, पण ती कोरलेल्या शब्दांत होती. खडे काढून भविष्य पाहण्याला असा जुना पुरावा नाही. रोमन लेखक टॅसिटसने इ.स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांचा कौल वर्णिला आहे: फळझाडाची फांदी तोडायची, तुकड्यांवर खुणा करायच्या, पांढऱ्या कापडावर टाकायचे, तीन उचलायचे. त्या खुणा रूनच होत्या असं तो म्हणत नाही.

तुमचा कोरा खडा १९८० च्या दशकातला. तो खुशाल बाजूला ठेवा. जुन्या फुथार्कात, म्हणजे रूनच्या अक्षरमालेत, २४ अक्षरं, व्हायकिंग काळात १६. अर्थासाठी रूनकविता वाचा, त्यांत एकेका अक्षराच्या नावावर ओळी आहेत. पहिल्या अक्षराचं नाव ‘फे’, म्हणजे पशुधन आणि संपत्ती. नॉर्वेची कविता लगेच बजावते की संपत्तीने नातेवाइकांत भांडणं लागतात.

आणि एगिलची सागा, म्हणजे आइसलँडची जुनी वीरकथा, जरूर वाचा. हेल्गा नावाची मुलगी आजारी असते. एगिल अंथरुणाखाली पाहतो तर देवमाशाच्या हाडावर कुणा पोराने रून कोरलेले, तेही चुकीचे. तो ते खरवडून काढतो, हाड जाळतो, अंथरूण वाऱ्यावर टाकायला लावतो, नवे रून कोरून उशाखाली ठेवतो. मुलीला आराम पडतो. ज्याला नीट वाचता येत नाही त्याने कोरू नये, असं तो बजावतो. मला तर शिकण्याचा क्रमच यात दिसतो.

लाकूडवेडा:
कोरायची वेळ येईल तेव्हा मऊ लाकूड आणि धारदार चाकू घ्या. रूनच्या रेघा उभ्या आणि तिरप्या असतात, कारण शिरांच्या दिशेने आडवी रेघ ओढली तर ती शिरांत हरवते, लाकूड चिरतं. हे वाचून कळलं होतं, हाताला पटलं ते तिसऱ्या काटकीला.

शेवंती:
मनापासून आभार. कोरा खडा काढून ठेवला. आज १६ अक्षरं वहीत गिरवली. पण ‘शेवंती’ लिहू कशी? ए नाही, व नाही, अनुस्वारही नाही.

बर्गनकर:
ए साठी इ चं अक्षर, व साठी उ चं, श साठी स. आणि चौथं अक्षर बघा, ते नाकातल्या अ चं आहे. ते घातलं की पुढचा न बहुतेकदा लिहीतच नसत. तुमचा ‘वं’ तिथे बसतो. सहा अक्षरांत नाव होईल. आधी कागदावर लिहा, मग उलटून वाचून बघा, आणि मगच चाकू उचला.