‘फाँ’ला मराठीत काय म्हणाल?

धंतोलीकर: अभिलेखशास्त्रावरचा (जुने कागद जपण्याच्या, लावण्याच्या शास्त्रावरचा) एक लेख मराठीत आणतोय. ‘फाँ’ या फ्रेंच शब्दावर गाडी अडलीय. एका माणसाच्या, घराण्याच्या किंवा कचेरीच्या कामकाजातून साठत गेलेले सगळे कागद म्हणजे एक फाँ. ते विषयवार फोडायचे नाहीत, हा फ्रान्समधला १८४१ सालचा नियम. मी ‘दप्तर’ लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी लाल शाईने काट मारली, ‘शाळेचं वाटतं’, आणि वर ‘अभिलेख-संग्रह’ सुचवला. पण संग्रह कुणीतरी मुद्दाम करतो. हे आपसूक साठतं, लेखाचा मुद्दाच तो आहे.

महालवाला: इतिहासकार सरदेसायांनी पेशवाईच्या कागदांतून, म्हणजे पेशवे दप्तरातून, ४५ खंड काढले, ते काय पोरांच्या वह्यांतून?

अनुस्वार: दप्तर फारसी. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला तो असले शब्द हटवायलाच. ‘अभिलेखसमुच्चय’ करा.

महालवाला: फारसीत तरी कुठलं? मूळ ग्रीक ‘डिफ्थेरा’, म्हणजे कातडं. घटसर्पाचं डिप्थेरिया हे नाव त्यातूनच आलं. आणि ‘समुच्चय काढून ठेव’ म्हणणारा एक कारकून मला दाखवा.

बर्डीवरचा: दप्तर शाळेचं काहून वाटते पण? आमच्याकडे पोट्टे शाळेत बस्ता नेतात. पटवाऱ्याचाही बस्ताच.

आजी_लातूरच्या: बस्ता?! माझ्या माहेरी बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. नागपूरला नवी नवरी म्हणून आले, तर नणंदेचा सहा वर्षांचा मुलगा विचारतो, ‘मामी, माझा बस्ता पाहिला का?’ पदर तोंडात कोंबून हसले.

धंतोलीकर: आजी, मस्तच. पण फाँ?

जुनाकागद: ‘दप्तर’च ठेवा. पुण्यात पेशवे दप्तरात तळटिपेला ‘रुमाल अमुक, पुडके तमुक’ असंच देतात. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेला गठ्ठा. दप्तर, रुमाल, पुडके, कागद ही उतरंड आपल्याकडे आयती आहे. पहिल्या दिवशी सोडलेला रुमाल मला पुन्हा बांधताच येईना. शिपाईकाकांनी समोरासमोरची टोकं ओढून अशी गाठ मारली की एक कागद बाहेर डोकावला नाही. फक्त एक मेख आहे. तिथे इंग्रजांच्या इनाम कमिशनने (इनाम जमिनींची चौकशी करणाऱ्या) ठिकठिकाणाहून गोळा केलेले कागदही आहेत. म्हणजे पेशवे दप्तर स्वतः अख्खं एक फाँ नव्हेच.

अनुस्वार: रुमालही फारसी.

महालवाला: कागदसुद्धा. लिहिणंच बंद करा.

बर्डीवरचा: आजी, मंग लातूरले पोराच्या बस्त्याले काय म्हणते?

आजी_लातूरच्या: दप्तर!