स्केल (सा ते वरचा सा ओळीनं वाजवणं) दोन्ही हातांनी एकदम घ्यायचं का एकेका हाताने?

परभणीकर_पेटी
नमस्कार मंडळी. भजनात पेटी वाजवतो, आता 61 कीजचा कीबोर्ड घेतलाय, शिकवणारं जवळ कोणी नाही म्हणून यूट्यूबवरच चालू आहे. सी मेजर (आपली पांढरी एक) उजव्या हातानं मस्त पळतं, डावा एकटा असला की कसाबसा जातो, पण दोन्ही एकदम सुरू केले की म पाशी गाडी अडकलीच, जुळंनाच गेलंय. कोणी म्हणतं आधी वेगवेगळं पक्कं करा, कोणी म्हणतं पहिल्या दिवसापासून सोबत. काय करावं?

काळी_चार
भाऊ पेटीवाल्याच्या डाव्या हातानं जन्मभर भाताच हलवलेला असतो, बोटं चालवायची त्याला सवयच नाही 😄 तेव्हा डाव्याला आधी एकट्यालाच वेळ द्या, उजव्याच्या दुप्पट. आन म पाशी अडकायचं कारण असं की उजव्याचा अंगठा म वर खालून जातो अन् डाव्याचं मधलं बोट ध वर वरून येतं, म्हणजे दोघांचं वळण वेगळ्या जागी. बोटांचे नंबर पाठ करा (अंगठा 1, करंगळी 5), सा ते वरचा सा उजवा 1 2 3 1 2 3 4 5, डावा 5 4 3 2 1 3 2 1. बोट न बघता पडायला लागलं की लगेच सोबत घ्या, महिना महिना थांबत बसू नका.

लातूरकर_ताई
थोडं वेगळं सांगते. सोबत करायचंच असेल तर आधी उलट्या दिशेनं करा, दोन्ही अंगठे मधल्या सी वर ठेवून उजवा वर डावा खाली, बोटं सारखीच पडतात आणि अंगठे एकाच वेळी वळतात. माझ्या मुलीला यानंच जमलं. आणि सी मेजर दिसायला सोपं पण हाताला अवघडच, सगळ्या पांढऱ्या, बोटाला खूणच सापडत नाही. पियानोचा मोठा संगीतकार शोपाँ म्हणे शिष्यांना बी मेजरपासून सुरू करायचा, त्यात लांब बोटं काळ्यांवर बसतात आणि दोन्ही अंगठे ई वर एकदमच येतात.

काळी_चार
हे बरोबर आहे ताई. हॅननच्या पियानोच्या पुस्तकातले बोटांचे व्यायाम मात्र दोन्ही हातांचेच आहेत, त्यात एक हात वेगळा काढायचा तो फक्त अडलेल्या तुकड्यापुरता.

परभणीकर_पेटी
उलट्या दिशेनं आत्ताच करून बघितलं, पहिल्याच झटक्यात गेलं राव! कानाला लई विचित्र लागतंय पण. स्पीड किती ठेवू?

लातूरकर_ताई
मेट्रोनोम (लयीची टिकटिक देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर, एका टिकला एकच स्वर. कंटाळा येईल, येऊ द्या.