वर्कशॉपवर भागत नाही
प्ले थेरपिस्ट, म्हणजे खेळातून मुलांवर मानसोपचार करणारा, व्हायला मानसशास्त्रात एम. ए. असेल तर दोन-चार वीकेंड वर्कशॉपवर काम भागतं, असं काही जण म्हणतात. पाटी लावण्यापुरतं भागत असेलही. पण इथे अमेरिकेत असोसिएशन फॉर प्ले थेरपी या संस्थेची नोंदणी हवी तर मास्टर्स, राज्याचं लायसन्स, १५० तास प्रशिक्षण, ३५० तास मुलांबरोबर प्रत्यक्ष काम आणि ३५ तास सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टकडून आपलं काम तपासून घेणं.

खरा घाम या सुपरव्हिजनमध्ये निघतो. आपल्या सेशनचा व्हिडिओ मध्येच थांबवून सुपरवायझर विचारतात, इथे 'छान' का म्हणालीस? बालकेंद्री पद्धतीत, म्हणजे जिथे खेळ मुलाच्याच मनाने चालतो, मुलाने खेळण्यातली मगर वाळूत पुरली, तर "पुरून टाकलीस तिला" एवढंच म्हणायचं. शाबासकी दिली की पोर पुढचा खेळ आपल्याला खूश करायला खेळतं. आपल्याकडच्या कौतुकाच्या सवयीला हे फार जड जातं!