सुका कचरा आणि सफाई मोहीम : तुमचे अनुभव लिहा

घरात सुका कचरा वेगळा करणारे आणि सुट्टीच्या सकाळी चिमटा घेऊन परिसर साफ करणारे इथे बरेच जण आहेत. नेमकं काय करता, कशाने करता आणि कुठे फसतं, तेवढं लिहा. घोषणा नकोत, त्या भिंतींवर पुष्कळ आहेत.

वर्गीकरण शेडवरून

डबे-बाटल्या विसळायच्या म्हणजे चकाचक घासायच्या नाहीत. भांडी धुऊन उरलेलं अर्धा कप पाणी आत घाला, झाकण लावून खळखळवा, ओता आणि उपडं ठेवा. वाळवायला मात्र विसरू नका. एक ओला डबा रद्दीच्या पिशवीत गेला की कागद भिजतो, बुरशी धरतो आणि अख्खी पिशवी बाद होते. तेलकट कागदाचंही तसंच. कागदाचा लगदा पाण्यात करतात आणि तेल पाण्याने सुटत नाही. डाग पडलेला भाग फाडून टाका, कोरडा पुठ्ठा ठेवा.

झाकण लावायचं की काढायचं, हे सगळेच विचारतात. बाटली पेट नावाच्या प्लॅस्टिकची, घनता साधारण १.३८ (पाण्याची १). झाकण पॉलिप्रॉपिलिन किंवा एचडीपीई या दुसऱ्या जातीच्या प्लॅस्टिकचं, म्हणजे पाण्याहून हलकं. कारखान्यात चुरा पाण्यात टाकला की पेट तळाला बसतं आणि झाकणाचे तुकडे वर तरंगतात. त्यामुळे माल यंत्रावर जाणार असेल तर बाटली चेपून हवा काढा आणि झाकण परत लावा. सुटं झाकण चाळणीतून खाली पडून वाया जातं. हाताने निवडतात तिथे बहुधा वेगळं दिलेलं बरं पडतं. माल कुठे जातो ते आधी विचारून घ्या.

प्लॅस्टिकच्या धंद्यातला

वरच्याला पुस्ती. बाटली-डब्याच्या तळाला आकडा असलेला बाणांचा त्रिकोण असतो, त्याचा अर्थ ‘याचा पुनर्वापर होतो’ असा नाही. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने ही खूण आणली, ती फक्त प्लॅस्टिकची जात ओळखायला. १ (पेट), २ (एचडीपीई) आणि ५ (पॉलिप्रॉपिलिन) यांना बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक असतं. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याचा फुगवलेला थर्माकोल बव्हंशी हवाच असतो, वाहतूकही परवडत नाही. ७ म्हणजे ‘इतर’, त्यात काहीही निघतं.

खरा घोटाळा ३ नंबरचा, पीव्हीसीचा. तेही पेटसारखंच पाण्यात बुडतं, म्हणून पाण्याच्या टाकीत वेगळं होत नाही. पेट वितळायला २५० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. पीव्हीसी त्याआधीच जळायला लागतं आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. मग माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात. नुसत्या चिमूटभराने हे होतं.

तोच शेडवाला, पुन्हा

प्लॅस्टिकच्या काळ्या ट्रेबद्दल राहिलं. निवडणारं यंत्र अवरक्त किरणांनी प्लॅस्टिक ओळखतं. काळ्या रंगातलं कार्बन ब्लॅक अवरक्त किरण शोषून घेतं, त्यामुळे यंत्राच्या ‘डोळ्याला’ तो ट्रे दिसतच नाही. दोन ट्रेंमधून निवडायची वेळ आली तर पारदर्शक घ्या.

घरच्या घरी निवडणारी

चकचकीत वेष्टन मुठीत चुरगळा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ॲल्युमिनियमची फॉइल, आपसूक उलगडलं तर धातूचा मुलामा दिलेलं प्लॅस्टिक. फॉइलचे सुटे तुकडे देऊ नका, साठवून मुठीएवढा गोळा झाला की द्या. भंगारातून ॲल्युमिनियम करायला खनिजापासून करण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते, म्हणून हा खटाटोप वसूल आहे. लोखंडी डबा ओळखायला फ्रिजवरचं चुंबक पुरतं.

ओव्हनमध्ये चालणाऱ्या भांड्यांची काच काचेच्या बाटल्यांत घालू नका. ती जास्त तापमानाला वितळते, आणि बाटल्यांच्या भट्टीत तिचे खडे तसेच राहतात.

बॅटरीवाल्यांनो, हे वाचाच

लिथियमची बॅटरी कुठल्याच डब्यात नको. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की आतले थर एकमेकांना टेकतात आणि आग लागते. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या बरणीत ठेवा. फुगलेली असेल तर घरात साठवू नका.

मोहिमेचं सामान सांभाळणारा

मोहीम फसते ती बहुतेक वेळा सफाई झाल्यानंतर. भरलेल्या पिशव्या कोण, कुठून, किती वाजता उचलणार हे आधी ठरलं नसेल तर रात्रीत कुत्री फाडतात आणि कचरा पुन्हा रस्त्यावर. म्हणून आधी गाडी, मग तारीख.

चिमटा ८०-९० सेंटिमीटरचा घ्या, आखूड घेतला की कंबर धरते. पिशवीचं तोंड वाऱ्यात मिटतं. त्यावर उपाय म्हणजे जुन्या बादलीचा तळ कापा, पिशवी आतून घालून कडेवर दुमडा आणि बादली कडीने धरा. भरली की पिशवी वर ओढून काढा. पिशवी पायाने दाबू नका आणि चालताना पायाला घासू देऊ नका. काच तिथेच लागते. काचेसाठी वेगळी बादली ठेवा.

सुई दिसली तर जाड प्लॅस्टिकचा डबा जमिनीवर ठेवा आणि सुई चिमट्याने, टोक खाली करून, आत सोडा. डबा हातात धरायचा नाही, सुईला टोपण घालायचं नाही. टोचलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, चोखू नका, आणि त्याच तासात डॉक्टर गाठा.

उचललेलं सगळं पुनर्वापराला जाईल या भ्रमात राहू नका. उन्हात पडलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, मातीने माखलेलं कुणी घेत नाही. बाटल्या आणि धातूचे डबे वेगळे काढा, बाकी एकाच पिशवीत.

सिगारेटच्या थोटकांबद्दल

चिमट्याने एकेक वेचणं म्हणजे वेळखाऊपणा. खराटा आणि सुपली घ्या, वाळूत असतील तर बारीक चाळणी. फिल्टर कापसासारखा दिसला तरी सेल्युलोज ॲसिटेट असतो, म्हणजे प्लॅस्टिकच.

नोंदी ठेवणारी

ताणकाट्यावर पिशव्या तोलून आकडा जाहीर करायची हौस सगळ्यांनाच असते, पण वजन फसवं. पावसात भिजलेली एक चटई सगळ्या बाटल्यांवर भारी पडते. त्याऐवजी १०० मीटरचा एकच पट्टा ठरवा आणि दर वेळी तिथले नग प्रकारवार मोजा. १९८६ पासून चाललेल्या आंतरराष्ट्रीय किनारा सफाईतही प्रकारवार नग मोजतात. एका टोकाला झाकणं आणि स्ट्रॉ साचत असतील तर कचरापेटी तिथे हवी, हे कागदावर दाखवता येतं. गवत वाढायच्या आधीची मोजणी गवत वाढल्यानंतरच्या मोजणीशी ताडू नका. नग तेवढेच असतात, दिसत नाहीत.

सामानवाल्याकडून, शेवटचं

चिमटे ओले ठेवले की स्प्रिंग गंजते. धुऊन, पुसून, उलटे टांगा.