मागचे चाक २० इंची करण्याबाबत

मागचे २६ इंची चाक काढून २० इंची बसवल्यास आडव्या सायकलीला (पाय पुढे ठेवून, मागे रेलून चालवायच्या) रत्नागिरीजवळच्या आरे-वारेचा चढ सोपा जाईल का, असे आपण विचारले आहे. जाईल, कारण टायरची जाडी तीच ठेवल्यास गिअर जवळजवळ पाव हिश्शाने हलका होतो. मात्र रिमचा व्यास ५५९ वरून ४०६ मिलिमीटरवर आल्यामुळे सायकलीची मागची बाजू साधारण साडेसात सेंटिमीटर खाली बसते, आसन आणखी कलते आणि वळवताना हँडल जड लागते. रिम-ब्रेकचे गुटके नव्या रिमपर्यंत पोहोचणारच नाहीत. शिवाय २० इंची म्हणून ४५१ मिलिमीटरचीही रिम मिळते, तेव्हा टायरच्या कडेवरचा आकडा वाचूनच खरेदी करावी. माझा लांब पिंजऱ्याचा डिरेलर, म्हणजे मागच्या चाकाशी लटकणारा, गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, चाक बदलल्यावर जमिनीला इतका टेकायला आला, की जांभ्याच्या खडीत पहिल्याच दिवशी वाकला.